बाराही महिने बाइक चालवायची तर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट कशी निवडावी?

तुम्ही विचारलंय की रोज ४०-५० किलोमीटर बाइक चालवणाऱ्याने ऊन, थंडी, पाऊस या सगळ्यासाठी एकच जॅकेट घ्यावं का, आणि ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं जॅकेट तासाभरात ओलं का होतं. दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की पहिला निम्मा सुटतो.

वॉटरप्रूफ हा शब्द दोन अगदी वेगळ्या बांधणीच्या कपड्यांवर सारखाच छापलेला असतो. एका प्रकारात पाणी अडवणारा पापुद्रा, म्हणजे मेम्ब्रेन, बाहेरच्या कापडालाच मागून चिकटवलेला असतो. याला लॅमिनेटेड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तोच पापुद्रा अस्तरासारखा आत सुटा लोंबत असतो आणि बाहेरच्या कापडाला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. दोन्हींत तुमचा शर्ट कोरडा राहू शकतो, त्यामुळे लेबल खोटं बोलत नाही. फक्त अर्धंच बोलतं.

माझं पहिलं जॅकेट या दुसऱ्या प्रकारचं होतं. पहिला अर्धा तास मी खुशीत होतो. मग बाहेरचं कापड गोधडीसारखं पाणी पीत गेलं, बाह्या जड झाल्या, बाहेरच्या खिशांत तळी साचली (पाकीट तिथेच होतं). शर्ट कोरडा, तरी दात वाजत होते. याचं कारण असं की ओल्या कापडावरून वारा वाहिला की पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली बरीचशी अंगातूनच ओढली जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने मी गार होत होतो. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी ते जॅकेट वाळलेलं नव्हतं. सहलीपुरती बाइक काढणाऱ्याला हे चालून जातं. रोज जाणाऱ्याला ओलं, जड जॅकेट पुन्हा अंगात घालणं म्हणजे शिक्षाच.

लॅमिनेटेड कापडावरचं पाणी ओघळून जातं, झटकलं की काम झालं. त्याचा आणखी एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. हवा खेळण्यासाठी ज्या चेन दिलेल्या असतात, त्या यात थेट अंगापर्यंत उघडतात. सुट्या अस्तराच्या जॅकेटमध्ये चेन उघडली तरी आत पापुद्रा आडवा येतो, म्हणजे खिडकी उघडून मागे भिंत. तोटे म्हणाल तर लॅमिनेटेड कपडा कडक असतो, चालताना खसखसतो आणि बराच महाग पडतो.

मेम्ब्रेनबद्दल थोडं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या पीटीएफईच्या कांडीला हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसका दिला आणि ती तुटायच्या ऐवजी कित्येक पट लांबली. त्यातून जे सच्छिद्र पटल मिळालं ते गोरटेक्स. पीटीएफई म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफ बाहेर पडते. आता इतर कंपन्यांचीही, वेगळ्या पदार्थांची मेम्ब्रेन मिळतात आणि त्यातली काही उत्तम आहेत. पण वाफ बाहेर पडायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त उबदार आणि दमट असावी लागते. बाहेरच उकडत असेल, हवा पाण्याने भरलेली असेल, तर जगातलं कुठलंही मेम्ब्रेन फारसा श्वास घेत नाही. गार हवेत जे जॅकेट नावाजलं जातं, त्यात दमट उकाड्यात घामाच्या धारा लागतात. दोष जॅकेटचा नाही.

म्हणूनच ओलं झालात की आधी ठरवा, हा पाऊस आहे की घाम? पाठ, काखा आणि छाती सारखीच दमट असेल तर घाम. ओल एका जागी असेल, म्हणजे जांघेत, कोपरात, मानेखाली किंवा पोटावर चेनच्या रेषेत, तर गळती. मी एक जॅकेट ‘गळकं’ म्हणून परत करायला निघालो होतो, ते निव्वळ माझ्या घामाने ओलं होत होतं.

लेबलवरचा १०,००० किंवा २०,००० मिलीमीटर हा आकडा पाण्याच्या स्तंभाचा असतो, म्हणजे कापडावर किती उंचीचं पाणी उभं केलं की ते पाझरू लागतं. १०,००० म्हणजे दहा मीटर पाणी! ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना समोरच्या वाऱ्याचा दाब जेमतेम पाच सेंटीमीटर पाण्याएवढा भरतो. थेंबाचा मारा याहून पुष्कळ जोरात बसतो, पण तो क्षणभर. सांगायचा मुद्दा हा की चांगल्या कापडातून पाणी शिरणं विरळा. ते शिवणीतून, चेनमधून आणि कपड्याच्या तोंडांतून येतं. त्यामुळे दोन जॅकेटांच्या आकड्यांची तुलना करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी कपडा आतून उलटा करून शिवणी बघा. सुईच्या प्रत्येक भोकावर पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. आत अस्तर असेल आणि शिवण दिसत नसेल, तर निदान विचारा.

सगळ्यात दगाबाज जागा जांघ. बसल्यावर पँटला तिथे चुण्या पडतात, टाकीवरून आणि पोटावरून ओघळलेलं पाणी सीटच्या खोलगट भागात साचतं आणि तुम्ही त्या डबक्यात बसून ते दाबत राहता. नेमक्या त्याच ठिकाणी पुढची चेन संपते आणि चार शिवणी एकत्र येतात. म्हणून चेनच्या मागे रुंद, घडीची पट्टी आहे का आणि जांघेत सलग कापड आहे का, ते पाहा. जॅकेट कमरेखाली चांगलं उतरणारं घ्या. आखूड जॅकेट पुढे वाकलं की मागून वर सरकतं.

दुसरी जागा गळा. इथे पाणी नुसतं शिरत नाही, ओढलं जातं. सुती शर्टाची कॉलर किंवा रुमाल जॅकेटबाहेर डोकावत असेल तर तो दिव्याच्या वातीसारखं काम करतो. टोक बाहेर भिजतं आणि छातीपर्यंत ओल पोचते. हजारोंचं जॅकेट एका रुमालाने हरवलेलं मी पाहिलंय. रुमाल माझाच होता.

कोरं जॅकेट पाण्याला अळवाच्या पानासारखं झटकतं, ते बाहेरच्या कापडावरच्या जलरोधक लेपामुळे. हा लेप मळाने, घर्षणाने आणि साध्या साबणाच्या उरलेल्या अंशाने निकामी होतो. मग बाहेरचं कापड भिजतं, वाफ अडते आणि लोक म्हणतात मेम्ब्रेन फाटलं. बहुतेक वेळा ते धडधाकट असतं. अशा कपड्यांसाठीच्या खास द्रावणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबल परवानगी देत असेल तर हलकी उष्णता द्या. लेप बऱ्यापैकी जागा होतो. झाला नाही तर नवा फवारा मिळतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. एकच जॅकेट बाराही महिने वापरता येतं, पण मी तसं करत नाही. उन्हाळा कडक असेल तर हवेशीर, जाळीचं, चांगल्या पॅडचं जॅकेट रोज वापरा आणि वरून घालायचा रेनसूट बॅगेत ठेवा. त्यात जॅकेटही कोरडं राहतं. जाळीच्या जॅकेटबरोबर आत लावायचं पावसाळी अस्तर मिळतं, त्याच्या नादी लागू नका. भर पावसात रस्त्याकडेला उभं राहून जॅकेट उतरवून ते आत जोडत बसणं कुणाला जमतं? रेनसूट घेताना एक माप मोठा घ्या, तोही जॅकेट अंगात असताना आणि बाइकवर बसून पाहिल्यावर. पायांना बाजूची चेन असलेली पँटच घ्या, नाहीतर बुटांसकट ती चढवताना एका पायावर नाचावं लागतं. मनगट, दंड आणि घोट्याला आवळायचे पट्टे हवेत, कारण फडफडणारी बाही भात्यासारखी पाणी आत खेचते. पँटचा पाय सायलेन्सरला लागू देऊ नका, नायलॉन वितळून तिथे चिकटतं. तुमच्याकडे वर्षातले बरेच महिने गारवा आणि रिमझिम असेल, आणि रोजचाच प्रवास असेल, तर मात्र थेट लॅमिनेटेड जॅकेट-पँट घ्या.

बाइकवरून पडलात तर रेनसूट काही वाचवत नाही, हे लक्षात असू द्या. ते काम आतल्या जॅकेटचं. युरोपात त्यासाठी २०२० पासून ईएन १७०९२ हे मानक आहे. कपड्यावर त्याचा एए किंवा एएए वर्ग दिसला तर घासण्या-फाटण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण समजा. ए वर्ग त्याखालचा. खांदे-कोपरांच्या पॅडना ईएन १६२१-१, त्यात दुसरी पातळी पहिलीपेक्षा जास्त धक्का शोषते. या वर्गांचा वॉटरप्रूफशी काही संबंध नाही, आणि विकणारे दोन्हींची सरमिसळ करतात. फ्लोरोसंट पिवळा रंग दिवसा आणि संधिप्रकाशात उपयोगी पडतो. काळोखात उपयोग परावर्तक पट्ट्यांचा.

हातमोज्यांबाबत माझा पूर्ण भरवसा अजून कशावरच बसलेला नाही. वॉटरप्रूफ मोज्यातून ओला हात काढला की अस्तर उलटं होऊन बाहेर येतं, ते परत बोटांत जाता जात नाही. घेताना आत चिमटीत धरून ओढून पाहा, सुटं वाटलं तर सोडा. हात हँडलवर असताना मनगट कोपराच्या खाली असेल तर मोजा बाहीच्या आत हवा, नाहीतर बाहीवरचं पाणी पन्हळीतून यावं तसं मोज्यात उतरतं. बुटांचंही तेच, पँट नेहमी बुटावरून. वॉटरप्रूफ बुटात वरून एकदा पाणी गेलं की ते बाहेर पडायला वाटच नसते.

नवं काही आणलं की मी पावसाची वाट पाहत नाही. आत कोरडा टिश्यू पेपर घालतो, जांघेत, गळ्यापाशी, कोपरात, आणि सगळं अंगावर चढवून बाइकवर वाकून बसतो. घरातलं कुणीतरी दहा मिनिटं अंगावर पाइप धरतं (या कामाला माणसं कधी कमी पडत नाहीत). मग कपडे उतरवून कुठला टिश्यू भिजलाय ते पाहतो. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका, आणि त्याआधी दुकानदाराला विचारून ठेवा की पाण्याखाली तपासलेला कपडा तो परत घेतो का.