बाप्तिस्म्याआधीचे वाडवडील कुठे गेले?

प्रिय इरा,

येशूवर विश्वास न ठेवता मेलेला माणूस कायमचा नरकात जातो, असं तुझी मैत्रीण म्हणाली. मग आपल्या घराण्यात बाप्तिस्मा येण्याआधीचे, गळ्यात तुळशीची माळ घालणारे, ते कुठे आहेत? आपण मराठी ख्रिस्ती लोक त्यांच्याबद्दल काय मानतो, असं तू विचारलंस.

जपानमधल्या नवख्रिस्ती लोकांनी सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस झेवियर या मिशनऱ्याला हेच विचारलं होतं: आमच्या वाडवडिलांना देव नरकातून सोडवणार नाही का? त्याने नाही म्हणून सांगितलं. ते रडत, आणि ते पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं त्याने १५५२च्या पत्रात लिहून ठेवलंय. तेव्हा तुझ्या मैत्रिणीने हे मनाने रचलेलं नाही. फक्त ख्रिस्ती विचारात एवढंच एक उत्तर आहे, असं तिला वाटतंय ते चूक.

तिच्या एका वाक्यात दोन प्रश्न अडकलेत. नरक म्हणजे काय, आणि तिथे कोण जातं. ते आधी सोडव, नाहीतर वाद गोल गोल फिरत राहतो.

पहिल्याची तीन उत्तरं आहेत. जुन्या काळातला मोठा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याचं म्हणणं, शिक्षा कधीच संपत नाही. बायबलातल्या मत्तय २५:४६ मध्ये ‘सार्वकालिक (कायमची) शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ एकाच ओळीत येतात. जीवनाला अंत नाही, तर शिक्षेलाही नाही. बहुतेक मोठ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, परंपरागत शिकवण हीच. दुसरं उत्तर, दुष्टांचा शेवटी नाशच होतो. त्याला आधार मत्तय १०:२८चा: देव नरकात आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश करू शकतो. शिवाय प्रकटीकरणाचा विसावा अध्याय अग्नीच्या सरोवराला ‘दुसरे मरण’ म्हणतो. जॉन स्टॉटसारख्या वजनदार इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) माणसाने १९८८ मध्ये, जपूनच, पण उघडपणे आपला कल या बाजूला असल्याचं सांगितलं, तेव्हा बरीच खळबळ झाली. तिसरं उत्तर पहिल्या काही शतकांतले धर्मपंडित ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी यांचं: तो अग्नी शुद्ध करणारा आहे, अखेरीस सगळेच देवाकडे परततात. ओरिजेनच्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला, ग्रेगरी मात्र संत म्हणूनच राहिला. प्रत्येक मताला अडचणीचं वचन आहे. नाश मानणारे प्रकटीकरण २०:१०मधल्या ‘युगानुयुग’ चालणाऱ्या पीडेपाशी अडतात, सगळे तरतील म्हणणारे मत्तय २५:४६पाशी.

तुझा खरा प्रश्न दुसरा आहे, आणि तिथे फरक फार मोठा पडलाय. १४४२ मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेने सांगितलं की, मरणापूर्वी मंडळीत न आलेले अन्यधर्मी सार्वकालिक अग्नीत जातील. १९६४ मध्ये त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता (येशूचा संदेश) कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि त्याच्या कृपेच्या बळावर सद्सद्विवेकाप्रमाणे वागायला झटतात, त्यांचंही तारण, म्हणजे उद्धार, होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ म्हटलंय, ‘होतोच’ नव्हे. लोक नेमकं इथे घसरतात आणि कॅथलिक आता सगळ्यांना स्वर्ग वाटतात असं समजतात. त्याच परिच्छेदात पुढे ताकीदही आहे की माणसं पुष्कळदा भुलतात. दुसरी घसरण अशी की अज्ञानच तारतं असं धरून चालायचं. तसं असतं तर सुवार्ता सांगणं म्हणजे लोकांना धोक्यात घालणंच झालं असतं! तारतो ख्रिस्तच, असंच परिषद मानते. अज्ञान दोष म्हणून धरलं जात नाही, इतकंच. याचं मूळ बायबलातल्या रोमकरांस पत्र २:१४-१५ मध्ये सापडेल: नियमशास्त्र नसलेल्यांच्याही हृदयावर ते लिहिलेलं असतं. आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन, त्याने तर ख्रिस्ताच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस यालाही ख्रिस्ती म्हटलं होतं.

पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे पटत नाही. प्रेषितांची कृत्ये ४:१२, ‘तारण दुसऱ्या कोणाकडून नाही’, त्यांच्या दृष्टीने पुरेसं स्पष्ट आहे. काही जण म्हणतात, न ऐकलेल्यांचा निवाडा देवावर सोडा. मराठी मंडळ्यांतही हे सगळे प्रकार भेटतात, त्यामुळे ‘मराठी ख्रिस्ती मत’ असं एकच मी तुला देऊ शकत नाही. पण ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तुकोबांच्या परलोकाचा निकाल त्यात नाही, हे खरं. तरी ज्या पुलावरून आलो त्याला आगीत लोटायला जीभ रेटणार नाही, असं मला वाटतं. माझा स्वतःचा कल व्हॅटिकनच्या त्या परिच्छेदाकडे आहे. अमुक एक माणूस नरकात आहे, असं नाव घेऊन सांगण्याचा अधिकार तर मी कुणालाच देणार नाही.

मैत्रिणीशी बोलताना मत्तय २५ काढ, पण ३१ ते ४६ पूर्ण वाच. न्यायाच्या दिवशी मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तशी माणसं वेगळी करताना राजा भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी दिलं का, अशाच गोष्टी पाहतो. दोन्ही बाजूचे लोक चकित होतात: ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?’ राजा म्हणतो, माझ्या या लहानातल्या लहान बंधूंसाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत. ती म्हणेल, ‘माझे बंधू’ म्हणजे येशूचे शिष्यच. तसा अर्थ लावणारे जाणते लोक आहेत, तेव्हा तिला हसू नकोस. मग तिला योहान १४:६ वाचायला सांग, ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’, आणि त्याआधी शिष्य थोमाने काय विचारलं होतं तेही: मार्ग आम्हाला कसा ठाऊक असणार?

तुझा,
बाबा