खोप्याचा फोटो कोणाचा?

बाईंची पत्रपेटी : शिक्षकांचे आणि होऊ घातलेल्या शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (शिकवायचा विषय) मराठी. सध्या परळच्या एका शाळेत इंटर्नशिप चालू आहे. परवा आठवीच्या वर्गावर बहिणाबाईंची खोप्याची कविता पूरक म्हणून घेतली. रात्री जागून पीपीटी केली. गूगलवर सुगरणीच्या खोप्याचा झकास फोटो मिळाला, तो उचलला. स्मार्टबोर्डवर तो मोठा झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, फोटोवर तिरकं तिरकं काय लिहिलंय?" वॉटरमार्क होता तो, फोटोच्या मालकाच्या नावाचा पुसट शिक्का. मी कशीबशी वेळ मारून नेली. निरीक्षक बाईंनी पाठ टाचणावर लाल पेनाने लिहिलं : 'साधनाचा स्रोत?'

मैत्रीण म्हणाली, एआयकडून चित्र काढून घे, कटकटच नको. दुसऱ्या तुकडीवर तसं केलं. त्या चित्रात खोपा वाटीसारखा, वरून उघडा! एक मुलगा उठला, "असा नसतो, टीचर," म्हणाला आणि फळ्यावर खडूने काढून दाखवला : वरून लटकलेला, पोटाशी फुगीर, खाली बोगद्यासारखी नळी. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

आता माझे प्रश्न. वाचनालयातल्या कवितासंग्रहाची वीस पानं मोबाइलवर स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? सिनेमाचा तुकडा वर्गात दाखवू का? मला माझे पाठ यूट्यूबवर टाकायचे आहेत, त्यात या मुलाचं चित्रही घ्यायचंय. कॉलेजात सगळे म्हणतात, 'एज्युकेशनल पर्पज' असलं की सगळं चालतं. खरंच चालतं का?
– एक भावी शिक्षिका, भांडुप

उत्तर : तुझ्या निरीक्षक बाईंना माझा नमस्कार सांग. 'फलकलेखन सुधारा'च्या पुढे जाणारा शेरा क्वचितच वाचायला मिळतो.

तुझ्या कॉलेजातले सगळे अर्धं बरोबर बोलतात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. काय केलं तर उल्लंघन धरायचं नाही, याची लांबलचक यादी त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल त्यात बसते, प्रश्नपत्रिकेत घातलेला उताराही बसतो. घटक चाचणीला आकलनासाठी उतारा निवडलास तर लेखकाच्या परवानगीसाठी थांबायला नको. शाळेच्या कार्यक्रमात सिनेमा किंवा ध्वनिमुद्रण लावायलाही मोकळीक आहे, मात्र समोर शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच हवीत. तेव्हा तुझा सिनेमाचा तुकडा वर्गात बिनधास्त दाखव.

पण 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे कुठवर? यावर दिल्लीत मोठी लढाई झाली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमलेल्या प्रकरणांच्या प्रती काढून, एकत्र बांधून ते मुलांना विकत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण मूळ तत्त्व कायम ठेवलं : शिकवणं म्हणजे या घंटेपासून त्या घंटेपर्यंतचा तास नव्हे, आणि किती पानं हा प्रश्न नसून शिकवायला तेवढी लागतात का, हा आहे. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आता तुझी वीस पानं. त्यातल्या तीन कविता तू शिकवणार असशील तर तीन कवितांची पानं दे. उरलेली पानं कशाला, हे तू मला सांगू शकत नाहीस. आणि वर्गाचा ग्रुप म्हणजे नक्की कोणाचा? माझ्या माहितीतल्या एका वर्गाच्या ग्रुपवर मुलं अडतीस आणि सदस्य एकशे बारा होते. आई, बाबा, मामा, शेजारचे क्लासवाले, गेल्या वर्षी शाळा सोडून गेलेलेसुद्धा. तिथे टाकलेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत कल्याणला पोचते. मराठी कवितासंग्रहाची आवृत्ती केवढी निघते आणि खपायला किती वर्षं लागतात, तुला ठाऊक असेलच. शाळेच्या ग्रंथालयाला दोन प्रती घ्यायला लाव. मुख्याध्यापक कुरकुरतील, घेतील.

गंमत अशी, की तू ज्या पाठावरून अडकलीस त्यातली कविता सगळ्यांची आहे आणि फोटो मात्र कुणाचा तरी आहे. लेखक गेला की त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. (आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपायला आला तेव्हा ती वाढवली.) बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. लेखकाच्या मागे छापलेल्या लेखनाची वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणजे ती २०१३ पासून मोकळी. बालकवी १९१८ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांचंही तू खुशाल चॅनेलवर वाच. कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. २७ फेब्रुवारीला वर्गात म्हणायला कोणी अडवणार नाही. पण तीच कविता सबंध म्हणून, मागे बासरी लावून यूट्यूबवर टाकायची तर आधी परवानगी काढ. यूट्यूब हा वर्ग नाही. तिथे उभी राहिलीस की कलम ५२ मधली वर्गाची सवलत धरून बसू नकोस, आणि तो सिनेमाचा तुकडाही घरी ठेव.

फोटोसाठी विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या ऑनलाइन संग्रहात शोध. तिथल्या प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं असतं की ते कोणत्या अटीवर वापरायचं. बहुतेकदा अट एवढीच, की काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचं नाव द्यायचं. काही परवान्यांत पुढची एखादी अटही असते, तेवढी वाचून घे. नाव स्लाइडवरच फोटोखाली दे. शेवटच्या स्लाइडवर 'साभार : गूगल' असं लिहिणारे मी शेकड्याने पाहिलेत. गूगलने फोटो काढला नाही गं, शोधून दिला. नाहीतर पावसाळ्यात एका रविवारी वसईच्या बाजूला जा, शिंदीच्या झाडाला लटकलेले खोपे दिसले तर आपल्या मोबाइलने काढ.

पाठ्यपुस्तकाचंही तेच. बालभारतीच्या पुस्तकाचं पहिलं पान आपण कधी वाचत नाही. सगळे हक्क मंडळाकडे आहेत, असं तिथे छापलेलं असतं. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात, मग दुवा पाठव, स्वतःच्या नावाचा शिक्का मारलेली पीडीएफ फिरवू नकोस.

एआयने कटकट मिटत नाही. ही यंत्रं कुणाच्या लेखनावर, चित्रांवर शिकली आणि त्यांना विचारलं होतं का, यावरच एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केलाय. पण माझी तक्रार त्याहून साधी आहे. खोपा वाटीसारखा नसतो. सुगरण पिलाला वाटीत ठेवत नाही, नळीतून आत जावं लागेल असं घर विणते, आणि ती कविता त्या विणण्याचीच आहे. चुकीच्या चित्रावर तू बरोबर कविता शिकवत होतीस.

आता माझी चूक सांगते. १९९४ मध्ये आमच्या शाळेने इमारत निधीसाठी नाट्यगृह घेऊन तिकीट लावून कार्यक्रम केला. मी मुलांची एकांकिका बसवली. संहितेचं पुस्तक एकच, मग स्टेन्सिल कापून चौदा प्रती काढल्या. शाई अजून नखात असल्यासारखी वाटते. शेवट रडका होता म्हणून बदलला. पडदा पडल्यावर घोषणेत सगळ्यांची नावं आली, मेकअपवाल्याचं, मांडववाल्याचंसुद्धा. लेखकाचं नाही. आणि लेखक तिसऱ्या रांगेत तिकीट काढून बसले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आत येऊन मला म्हणाले, "मुलांनी कामं छान केली. शेवट कोणी लिहिला?" मी म्हटलं, मी. म्हणाले, "मग तेवढ्याला तरी तुमचं नाव द्यायचं." मानधनाचं पाकीट त्यांनी घेतलं नाही, चहा घेतला. तिकीट लावलेल्या प्रयोगाला परवानगी लागते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी अनेक वर्षं सांगत आले. खरं तर विचारावंसं वाटलं नव्हतं. त्याच कायद्याचं कलम ५७ मी नंतर वाचलं : हक्क विकून टाकला तरी नाव लावून घेण्याचा आणि मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

म्हणून त्या मुलाच्या चित्राकडे वळते. खडूचं असलं तरी चित्र त्याचं आहे, कायद्यानेही त्याचंच. तू तिथे नोकरीला नाहीस, त्यामुळे तुझं टाचण तुझं. कायमची लागलीस की नेमणूक पत्र नीट वाच, नोकरीत केलेलं काम, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचं धरलं जातं. मुलगा मात्र कोणाचाच नोकर नाही. त्याला विचार, मग त्याच्या आईला विचार, कारण तो अजून लहान आहे. नाव पूर्ण द्यायचं की नुसतं पहिलं, की मुळीच नको, ते त्यांना ठरवू दे. 'नको' म्हणाले तर पुन्हा गळ घालू नकोस.

आणि त्याला हेही विचार, की परळमध्ये वाढलेल्या मुलाने खोपा पाहिला कुठे. मला पुढच्या पत्रात कळव.