गार्ड कमी आणि दारं जास्त, मग पहारा कुठे लावायचा हे गेम थिअरी (समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायचं गणित) कसं ठरवते?

सोपं उदाहरण घ्या. दोन दारं, गार्ड एकच. पहिल्या दारातून चोर घुसला तर त्याला ४ चा फायदा, दुसऱ्यातून १ चा, पकडला गेला तर शून्य. आता गार्ड कायम पहिल्या दारावर उभा केलात तर चोर दोन दिवस बघेल आणि निवांत दुसऱ्या दाराने येईल, १ घेऊन जाईल. अर्धा-अर्धा वेळ केलात तर अजून वाईट, पहिल्या दारावर त्याला सरासरी २ मिळतात. पण ८० टक्के वेळा पहिलं आणि २० टक्के वेळा दुसरं ठेवलं तर दोन्हीकडे चोराचा सरासरी हिशोब ०.८ वरच येतो (पहिल्यावर ४ चे २० टक्के, दुसऱ्यावर १ चे ८० टक्के), त्याने कुठलंही दार निवडलं तरी. फक्त आज कुठे उभं राहायचं ते रोज चिठ्ठी काढून ठरवायचं, गार्डच्या मनावर सोडलं की पॅटर्न बनतोच (माणसाला खरं रँडम वागता येत नाही हो).

याला स्टॅकेलबर्ग गेम म्हणतात, म्हणजे आपण आधी चाल ठरवतो आणि समोरचा ती बघून खेळतो, त्याला टक्केवारी कळली तरी चालतं, आजची चिठ्ठी कळता कामा नये. लॉस एंजेलिस विमानतळावर २००७ पासून संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या टीमचं आर्मर नावाचं सॉफ्टवेअर याच पद्धतीने चेकपॉइंट आणि श्वानपथकांच्या फेऱ्या ठरवायला वापरलं गेलं.

खरी डोकेदुखी गणिताची नाहीच, ते ४ आणि १ आकडे कुठून आणायचे ही आहे, ते चुकले की सगळंच चुकलं.