बोगस गॅम्बिट खेळूनही मी जिंकतो कसा?

प्रश्न: सर, मी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे. रात्री मोबाईलवर बुद्धिबळाचे एक मिनिटाचे डाव खेळतो, काळी मोहरी आली की कायम स्टॅफर्ड गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं बळी देऊन हल्ला चढवायचा), आणि बऱ्याचदा दहा चालींच्या आत समोरचा खलास. रूममेट रीतसर क्लासला जाऊन शिकलाय, तो म्हणतो हे बोगस ओपनिंग (डावाची सुरुवात) आहे. इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला दाखवलं तर तेही पांढऱ्याच्याच बाजूने. मग मी जिंकतो कसा? आणि आता सोडून देऊ का?

उत्तर: रूममेटचं बरोबर आहे. (आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; ई४, ई५ ही पटावरच्या घरांची नावं, आणि मोहरा सांगितला नसेल तर चाल प्याद्याची.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा ई५ वरचं प्यादं खातो, घोडा सी६ ४. घोडा सी६ वरचा घोडा मारतो, डी प्याद्याने परत मारलं, की तुझं एक प्यादं गेलेलं असतं आणि इंजिन तर जवळपास दोन प्याद्यांचा फरक दाखवतं. पण इंजिनला घड्याळ नसतं ना.

गंमत अशी आहे की इथे पांढऱ्याच्या हाताला आपोआप येणाऱ्या चालीच वाईट निघतात. ५. डी३ उंट सी५, आता कुणीही सहज उंट जी५ खेळतो, घोडा वजिरासमोर बांधला गेला (हलला तर मागचा वजीर जाईल) म्हणून खूश. तू घोड्याने ई४ चं प्यादं खातोस, त्याला फुकटचा वजीर दिसतो, तो घेतो (बुलेटमध्ये, म्हणजे एक मिनिटाच्या डावात, तर प्रीमूव्ह करून, म्हणजे तुझ्या चालीआधीच आपली चाल ठरवून, घेतो), आणि उंट एफ२ शह, राजा ई२, दुसरा उंट जी४, मात. वजीर न घेता डी प्याद्याने घोडा मारला तरी एफ२ च्या शहानंतर त्याचा वजीर जातोच. हे सगळं बघायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि तेवढे एका चालीला कोण देणार? एरिक रोझेन या अमेरिकन इंटरनॅशनल मास्टरने ऑनलाइन खेळून हे गॅम्बिट इतकं फेमस केलं ते याच जोरावर.

पण तोच फेमसपणा आता तुझ्या मुळावर येणार. रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) वाढलं की समोरचा ५. डी३ नंतर शांतपणे उंट ई२ खेळेल, तू एच५ केलंस की कॅसलिंगची (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित करायला) घाई न करता सी३, तुझा घोडा जी४ ला आला की डी४, वजीर एच४ ला आला की जी३, आणि हे सगळं पाठ असल्यामुळे दोन सेकंदात. मग प्यादंही गेलं, हल्लाही गेला, वर घड्याळातही तूच मागे.

तेव्हा एक मिनिटात खुशाल खेळ, त्यात लाज कसली. तीन मिनिटं अधिक दोन सेकंद इन्क्रिमेंट असेल तर आधीच धार कमी होते, कारण घड्याळ संपत आलं तरी दर चालीला दोन सेकंद हातात येतच राहतात. आणि समोरासमोरच्या क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळ असलेल्या, स्पर्धेत नकोच, तिथे माणूस पाणी पिऊन येतो, अर्धा तास विचार करतो आणि मग बरोबर चाल खेळतो.

एक मात्र तू लिहिलंच नाहीस. तिसऱ्या चालीला त्याने ई५ चं प्यादं खाल्लंच नाही, डी४ किंवा दुसरा घोडा सी३ खेळला, तर तुझं स्टॅफर्ड येतच नाही. तिथे काय खेळतोस ते आधी ठरव.