संस्था कोणतीही निवडा, आधी तिथे सही कोणाची चालते ते बघा

दादा, पारोळा तालुक्यातल्या तुमच्या गावात नव्या शाळेसाठी प्लॉट कोणत्या संस्थेला द्यावा, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या गावचा सगळा गोंधळ पुन्हा डोळ्यासमोर आला. तुमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा महामार्गाच्या पलीकडे जुन्या गावात, नवी वस्ती अलीकडे, आणि पहिली-दुसरीची पोरं ट्रकच्या रांगेतून रस्ता ओलांडतात. ग्रामपंचायतीचा एक प्लॉट आहे आणि तो मागायला तीन जण आलेत: तालुक्याची जुनी मोठी शिक्षण संस्था, बाहेरगावचा इंग्रजी माध्यमाचा ब्रँड आणि गावातल्याच तरुणांचं नवं मंडळ. पारोळ्याऐवजी आमच्या तालुक्याचं नाव टाकलं असतं तर ही पोस्ट आमच्याच कोणीतरी लिहिली असं वाटलं असतं.

अर्ज कुठे भरायचा, आधी इरादापत्र मग अंतिम मान्यता, खोल्या किती, हे सगळं संस्थावाल्यांना तोंडपाठ असतं. त्यात तुम्ही डोकं घालू नका. मी वकील नाही, शिक्षण खात्यातलाही नाही. ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य होतो, तेवढ्या अनुभवावर लिहितोय. जीआर बदलत असतात, तेव्हा कायद्याचं बारीक कोणा जाणत्याकडून तपासून घ्या.

आमच्याकडे ग्रामसभेने मोठ्या संस्थेला पसंती दिली. जिल्ह्यात नाव, दोन-तीन हायस्कुलं, संस्थापकांचा पुतळा. नाव ठेवायला जागा नव्हती. प्रस्ताव गेला आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात जाऊन बसला. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. विचारायला गेलं की टेबलावरचे भाऊसाहेब हसून म्हणायचे, "व्हई जाई भाऊ, व्हई जाई." लेखी मागितलं तर एका ओळीचं पत्र मिळालं: प्रस्ताव विचाराधीन आहे. तेवढ्या भरवशावर संस्थेने जूनमध्ये समाजमंदिरात पहिली-दुसरीचे वर्ग सुरू करून टाकले. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. हे संस्थेला माहीत होतं, त्या कार्यालयालाही माहीत होतं. पालकांना कोणी सांगितलं नाही.

शेवटी माहिती अधिकारात फाइल पाहायला मागितली. दहा रुपयांचा अर्ज. फाइलमध्ये संस्थेच्याच दुसऱ्या गटाचं हरकतीचं पत्र लावलेलं होतं: 'आम्हीच कायदेशीर कार्यकारिणी आहोत, यांच्या सहीचा प्रस्ताव घेऊ नये.' पत्रावर आवकचा शिक्का आमच्या ग्रामसभेच्या आधीच्या तारखेचा, आणि बाजूला हिरव्या शाईत एकच शब्द, 'पाहिले'. म्हणजे आम्ही ठराव करत होतो तेव्हाच या लोकांना ठाऊक होतं की हा प्रस्ताव पुढे सरकणार नाही. ते पत्र नाकारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आम्हाला कळवायची तसदीही घेतली नाही. 'विचाराधीन' लिहिलं की कोणाचाच रोष ओढवत नाही, एवढा साधा हिशेब. अजून राग जात नाही माझा.

आता तुमच्या कामाचं. संस्थेची खरी कुंडली धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात असते. विश्वस्त कोण, पत्ता काय, मालमत्ता कोणती, सगळं त्यात. फी भरून नक्कल कोणालाही मिळते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो. तो मंजूर झाला की नवीन नावं उताऱ्यावर चढतात. आमच्या संस्थेचा उतारा हातात आला तेव्हा त्यावर अध्यक्ष म्हणून जे आबा होते, त्यांचा हार घातलेला फोटो संस्थेच्या ऑफिसात आम्ही चहा पिताना पाहिला होता. ते गेल्यावर थोरल्या घराने एक निवडणूक घेतली, धाकट्या घराने दुसरी. दोन्हींचे बदल अर्ज एकमेकांच्या हरकतींवर अडकलेले. गावात शिकवायला आलेल्या बाईंच्या नेमणुकीची ऑर्डर एका सचिवाच्या शिक्क्याची, तर त्यांना काढल्याचं पत्र दुसऱ्या सचिवाच्या शिक्क्याचं. बाई दोन्ही कागद पिशवीत घेऊन फिरायच्या. पगार कोणीच देत नव्हतं.

खान्देशात हे नवीन नाही. चार जुन्या संस्थांची चौकशी करा, एकीत तरी भाऊबंदकी निघेलच. म्हणून तिन्ही अर्जदारांना पहिलीच अट घाला: गेल्या महिन्याभरातली परिशिष्ट एकची नक्कल, प्रलंबित बदल अर्जांची यादी आणि तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. मंडळ नवीन असेल तर असतील तेवढ्या वर्षांचे. जो म्हणेल 'नंतर देतो', त्याला पुढच्या बैठकीचा चहा पाजू नका. सोयरीक करताना आपण चार गावं फिरून चौकशी करतो, इथे तर गावाची जमीन द्यायची आहे.

पोरांचं काय झालं ते सांगतो, कारण तुमच्याकडे हे होऊ नये. शाळेला मान्यता नाही म्हणून यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, नाही, आणि क्रमांक नाही म्हणून पोरांची नावं सरकारी पोर्टलवर जुन्याच शाळेत. वर्ग भरत होता, पण कागदावर ती पोरं तिथे नव्हतीच. वर्ग बंद पडल्यावर जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकांनी वयानुरूप वर्गात त्यांना सामावून घेतलं. कायद्यात तशी सोय आहे, आणि दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. गुरुजी चांगले निघाले म्हणून निभावलं.

आता तिघांबद्दल माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या.

मोठी संस्था 'पुढे अनुदान येईल' म्हणाली तर तिथेच थांबवा. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली मिळालेली शाळा कायम स्वतःच्या पैशावर चालवायची असते. अनुदानाच्या आशेवर डी.एड. झालेल्या पोरांकडून डोनेशन घ्यायचं आणि वर्षानुवर्षं बिनपगारी राबवायचं, हा धंदा आपल्या तीन जिल्ह्यांत काय कमी झाला? 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द सरकारने २००९ मध्ये काढला, त्यानंतर टप्प्याटप्प्याच्या अनुदानासाठी मास्तर लोक मुंबईला आझाद मैदानावर किती वेळा बसले ते आठवा. तशा मास्तरकडून पोरं काय शिकणार, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

ब्रँडवाल्यांच्या बाबतीत पाटीवरचं नाव आणि मान्यतेवरचं नाव एकच आहे का ते बघा. पुष्कळदा ब्रँड फक्त नाव आणि पुस्तकं भाड्याने देतो, शाळा कागदावर भलत्याच ट्रस्टची असते. त्यांच्या चालू शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागा. जळगाव जिल्ह्यातली शाळा असेल तर तो २७०३ ने सुरू होतो, धुळे २७०२, नंदुरबार २७०१. क्रमांक सांगताना अडखळले तर समजून जा.

गावच्या पोरांच्या मंडळाकडे माझा कल आहे, हे लपवत नाही. पण नोंदणीला लागणारी सात नावं नीट वाचा. सातांत नवरा, बायको, मेहुणा आणि साडू असतील तर ती संस्था नाही, ते एक घर आहे. आणि उत्साहावर पगार होत नाहीत. दोन वर्षांचे पगार बँकेत दाखवा म्हणा. दाखवले तर मी त्यांनाच देईन, कारण शिक्षक गावातलाच राहील. अप-डाऊनवाल्या शिक्षकाची बस चुकली की पहिला तास बुडालाच. शिवाय आपल्याकडे घरात अहिराणी, सातपुड्याकडे गेलं तर पावरी नाहीतर भिली. पहिलीतलं पोर काय म्हणतंय ते बाईंना कळलंच नाही, तर माध्यम मराठी असो की इंग्रजी, ते पोर गप्प बसायलाच शिकतं.

तिघांच्या चालू शाळा न कळवता बघून या. मंडळाची नसेल, तर त्यांचे शिक्षक आज कुठे शिकवतात तिथे जा. बांधकामावर भाळू नका. पोरांच्या वह्या उघडा, तारखेनिशी तपासल्यात का बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का बघा. आणि जमलं तर एप्रिलमध्ये दुपारी जा. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पोरं कशी बसतात ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

जमीन बक्षीसपत्राने कोणालाही देऊ नका, भाडेपट्ट्यानेच द्या. मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पट्ट्यात स्पष्ट लिहा: ठरलेल्या मुदतीत अंतिम मान्यता आली नाही तर जमीन परत, जमिनीवर कर्ज काढायचं नाही, मान्यतेआधी एकही वर्ग भरवायचा नाही, आणि कार्यकारिणीत वाद झाला तर महिन्याच्या आत ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं. हे शेवटचं कलम आमच्याकडे असतं तर ते हिरव्या शाईचं 'पाहिले' आम्हाला महाग पडलं नसतं.

अजून एक कलम घालाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीवर ७५ टक्के पालक असतात, पण खासगी विनाअनुदानित शाळेला ती समिती कायद्याने बंधनकारक नाही. तिथे फक्त पालक-शिक्षक संघ, आणि तोही मुख्यतः फीपुरता. म्हणजे चावी दिली की गावाचा शब्द संपला. तेव्हा ग्रामसभेने निवडलेले पालक शाळेच्या सल्लागार समितीवर राहतील, हे पट्ट्यातच बांधून घ्या.

हे तिन्ही उमेदवार बाजूला ठेवून आणखी एक अर्ज आधी टाका: वस्तीतच जिल्हा परिषदेची शाळा किंवा वर्ग सुरू करण्याचा. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा ही सरकारची जबाबदारी आहे. तुमचं अंतर त्याहून कमी असेल, पण मध्ये महामार्ग आहे हे नकाशा आणि फोटोंसह लेखी जाऊ द्या. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं वारं २०२३ पासून आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या समूह शाळेचा दाखला देतात, त्यामुळे नवी शाळा लगेच मिळेल असं मी म्हणत नाही. पण नकार आला तरी तो कागद खासगी संस्थेशी बोलताना तुमच्या हातात असेल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत निवड उरकायची असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी फक्त कागद मागवण्याचा आणि चौकशी समितीचा ठराव करा, निवडीचा विषय २ ऑक्टोबरवर न्या. घाई संस्थांना असते. आणि तो प्लॉट गावठाणातला आहे की गायरान, ते तलाठ्याकडून सातबारा काढून कळवा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला तो परस्पर देताच येत नाही, २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर अजिबातच नाही. तसं निघालं तर वर लिहिलेलं भाडेपट्ट्याचं सगळं बाजूला ठेवून वेगळं बोलावं लागेल.