तीन बंदुकांचा खेळ खेळायचाय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात नेमबाजीवर चार ओळी काय लिहिल्या, बीडपासून हिंगोलीपर्यंत पत्रं आली. सगळी घेता येत नाहीत, त्यातली चार घेतलीत. मी स्वतः परभणीला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात घेतली, पुढं स्पर्धा खेळले, आणि आता बरीच वर्षं संभाजीनगरात लेकरांना १० मीटरवरची एअरगनची नेमबाजी शिकवतेय. तेवढ्या अनुभवावर सांगते.

ताई, नमस्कार. मी केज तालुक्यातला, वय २३, बीकॉम झालंय, सध्या वडलांचं खताचं दुकान बघतो. यूट्यूबवर थ्री-गनची स्पर्धा बघितली. एकच माणूस रायफल, पिस्तूल आन् शॉटगन तिन्ही चालवतो, पळतो, आडोशाला थांबून मारतो, वरून टायमर लावलेला. तेव्हापासून डोक्यातून जाईना बघा. मला हेच करायचंय. कोणती गन घेऊ? मराठवाड्यात कुठं शिकवतात? एक मित्र म्हणतो स्वस्तात जमवून देतो.

दादा, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. मित्राला आजच नाही म्हणून सांगा. ‘स्वस्तात जमवून’ म्हणजे गावठी कट्टा, दुसरं काही नसतं, आणि लायसनशिवाय तो जवळ सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आत जावं लागतं. त्यातून ती नळी कुठल्याही कारखान्यात तपासलेली नसते, कसल्या तरी पाइपची असते, चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. खेळायला निघालेल्या पोराची बोटं अशी गेली तर मला खरंच सहन होणार नाही, म्हणून एवढं कडक लिहितेय.

आता तुम्ही जे बघितलं ते. त्याला मल्टिगन म्हणतात, तीन हत्यारं असली की थ्री-गन. प्रत्येक मैदानाला स्टेज म्हणतात, दर स्टेजला टार्गेटं वेगळ्या पद्धतीनं मांडलेली, काही कागदाची, काही लोखंडी प्लेटा, काही उडणाऱ्या क्ले म्हणजे हवेत सोडलेल्या ताटल्या, आणि बहुतेक स्पर्धांत हिशोब वेळेवर असतो, म्हणजे लागलेला वेळ अधिक चुकांचा दंड, जो सगळ्यात कमी तो पहिला. हा खेळ ज्या प्रॅक्टिकल शूटिंगमधून वाढला त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिचं ब्रीद लॅटिनमध्ये तीन शब्दांचं आहे, अचूकता, ताकद आणि वेग, आणि त्यात अचूकता पहिली आहे हे लक्षात ठेवा.

व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगते. तो माणूस पळताना त्याचं बोट कुठं असतं ते थांबवून बघा. ट्रिगरवर नसतं, बाहेर सरळ ताणलेलं असतं. बंदुकीचं तोंड सतत गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडं, १८० अंशाच्या रेषेच्या मागं ते एकदा जरी वळलं तरी अख्ख्या स्पर्धेतून बाद, मग तुम्ही पहिल्या नंबरवर असा नाहीतर शेवटच्या. एक हत्यार ठेवून दुसरं घ्यायचं तर पहिलं रिकामं करून नाहीतर सेफ्टी लावून ठरवलेल्या पेटीत किंवा पिंपातच ठेवायचं. बीप वाजायच्या आधी पंच ‘तयार?’ विचारतो, संपल्यावर ‘रिकामी करून दाखव’ म्हणतो आणि स्वतः डोळ्यांनी चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघतो. तुम्हाला वेग आवडला हे मी समजू शकते, पण तो वेग ह्या सवयींवर उभा आहे, आणि ह्या सवयी पळायच्या आधी उभं राहून शिकाव्या लागतात.

राहिला आपल्याकडचा कायदा. त्या व्हिडिओतली ५.५६ एमएमची अर्धस्वयंचलित रायफल किंवा ९ एमएमचं पिस्तूल आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं, त्याचं लायसन कलेक्टर ऑफिसातून मिळत नाही, तो विषय थेट केंद्रीय गृह खात्याकडं जातो आणि तुमच्या-माझ्यासारख्याला साधारणपणे मिळत नाही. नियमात बसणाऱ्या हत्यारांनाही साध्या लायसनधारकाला २०१९ पासून दोनचीच मर्यादा आहे, खेळाडूंना वेगळी सूट आहे पण ती खेळून मिळवावी लागते. म्हणजे केजमध्ये बसून उद्या थ्री-गन सुरू होत नाही, हे आत्ताच कळलेलं बरं. पण त्यातले तिन्ही धागे आपल्या ऑलिम्पिक नेमबाजीत वेगवेगळे आहेत की! रायफल आहे, पिस्तूल आहे, शॉटगनला ट्रॅप आणि स्कीट हे उडत्या क्ले फोडायचे दोन प्रकार आहेत. आणि दरवाजा उघडा आहे तो १० मीटर एअरचा, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचा, कारण ४.५ एमएमची, २० जूलच्या आतली एअरगन घ्यायला आपल्याकडं शस्त्र लायसन लागत नाही.

तुमचा पहिला फोन बीडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला करा, तुमच्या जिल्ह्यात नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात १० मीटरची रेंज कुठं चालू आहे आणि कोण कोच आहे ते विचारा. क्लबची एअरगन वापरा, सहा महिने तरी स्वतःची घेऊ नका. लोकं आधी वस्तू घेतात आणि मग खेळ शोधतात, आणि ती वस्तू कपाटावर धूळ खाते.

मला विचाराल तर थ्री-गनचं स्वप्न असलेल्यानं आधी पिस्तूल धरावं. एअर पिस्तुलात टार्गेटचा दहाचा गोल ११.५ एमएमचा, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढा, आणि तो १० मीटरवरून एका हातानं, बिनटेक्याचा मारायचा. ट्रिगरचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं. हात हलणारच, सगळ्यांचा हलतो, मोठ्या मोठ्या खेळाडूंचाही हलतो. शिकायचं एवढंच की हलत्या हातात ट्रिगर झटका न देता कसा दाबायचा. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर ठेवायची, टार्गेट अंधुक दिसलं तरी चालतं, उलट अंधुकच दिसायला पाहिजे. नवीन पोरं टार्गेटकडं बघतात, ‘आता दहा आला’ म्हणून एकदम ट्रिगर ओढतात आणि पेलेट, म्हणजे एअरगनचा छर्रा, सातच्या गोलात जातो.

पुढं स्वतःचं पिस्तूल झालं की घरी रोज २० मिनिटं रिकामा सराव करा. पांढरी भिंत, समोर काहीच नको. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, आणि जुन्या प्रकारच्या एअरगनला रिकामं मारलं की आतला भाग खराब होतो म्हणून ड्राय फायरची, म्हणजे रिकामं मारायची सोय असलेलंच वापरायचं. उचला, साइट जुळवा, दाबा, आणि दाबल्यावरही दोन सेकंद तसंच धरून ठेवा. साइट हलली का बघा. ह्यात आवाज नाही, धूर नाही, कंटाळा आहे, आणि मी इतक्या वर्षांत बघितलेली सगळी चांगली पोरं ह्याच कंटाळ्यातून गेलीत. पायांची जागा तपासायची एक सोपी रीत सांगते, नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. नेम बाजूला सरकला असेल तर हातानं ओढून आणू नका, पाय सरकवा. हे पुढं तिन्ही हत्यारांना लागू पडतं.

अजून एक, पत्रात तुम्ही लिहिलं नाही तरी लिहिते. आपल्याकडं वरातीत हवेत बार काढायची फार हौस आहे, कमरेला पिस्तूल लावून रील काढतात आणि खाली ‘शूटर’ लिहितात. हवेत गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच ना! कायद्यात त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रेंजवर आमची बारा वर्षांची पोरगी नळीतून केशरी सेफ्टी दोरी टाकल्याशिवाय रायफल खाली ठेवत नाही. शूटर ती आहे.

ताई, मी लातूरची. मुलगी आठवीत आहे, शाळेत कुणीतरी एअर रायफलचं सांगितलं तेव्हापासून मागं लागलीय. सासरचे म्हणतात पोरीच्या हातात बंदूक कशाला. शिवाय खर्च लाखात जातो म्हणतात. काय करावं?

वहिनी, सासरच्यांना तीन नावं सांगा, तिन्ही महाराष्ट्रातल्या. अंजली भागवत, एनसीसीतून सुरुवात केली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये फायनलला पोचल्या. तेजस्विनी सावंत, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची, म्हणजे झोपून मारायच्या रायफलची जगज्जेती. राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सोनं. नंतरच्या दोघी कोल्हापूरच्या, आणि कोल्हापुरात जे झालं ते लातुरात का होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचं लपवत नाही. स्पर्धेची परदेशी एअर रायफल नवीन घ्यायची तर दोन-तीन लाखाच्या घरात जाते, वर जॅकेट, पँट, बूट. पण आठवीतल्या लेकराला ह्यातलं काहीच लगेच लागत नाही! शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट एअर रायफलचा वेगळा गट असतो, त्यात साधी रायफल चालते. वर्षभर क्लबची रायफल, पेलेटचा डबा आणि फी, एवढ्यावर काढा. वाढत्या वयाच्या लेकराला जॅकेट शिवून घेतलं तर वर्षात आखूड होतं, हे माझ्या डोळ्यासमोर कितीतरी आईबापांचं झालंय.

खेळ कसला आहे ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. रायफलच्या टार्गेटवरचा दहा म्हणजे फक्त अर्ध्या एमएमचा ठिपका, बॉलपेन टेकवलं की पडतो तेवढा. असे ६० शॉट, मोठ्यांना ७५ मिनिटांत. ह्याला मन शांत लागतं, आणि माझ्याकडच्या बऱ्याच लेकरांचं अभ्यासातलं बसणं ह्यानं सुधारलंय, तशी गॅरंटी मात्र देत नाही. एकच गोष्ट बघून घ्या, रेंजवर जाऊन तासभर गपचूप बसा. कोच पोरांना मारत्या रेषेच्या पुढं जाऊ देतो का, सगळ्यांच्या रायफली रिकाम्या झाल्याशिवाय कुणी टार्गेटकडं जातं का, पोरींशी नीट बोलतो का. तिथं शिस्त ढिली दिसली तर लेकरू तिथं घालू नका, मग तो क्लब कितीही जवळ असो. मी स्वतः सुरुवातीला अशा एका रेंजवर होते, एकदा लोकं पुढं असताना मागून ट्रिगरचा आवाज आला, नशीब रिकामी होती. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही.

राम राम ताई. भोकरदन तालुक्यातून लिहितो. आजोबांची बारा बोअरची दुनळी हाय, लायसन आता माझ्या नावावर, रानडुकरासाठी पिकराखणीला घेतलेली. पोराला मोबाइलवर त्या उडत्या ताटल्या फोडायच्या स्पर्धा आवडतात. ह्याच बंदुकीवर खेळता येईल का?

भाऊ, लायसन कशासाठी दिलंय ते त्यावरच लिहिलेलं असतं, आधी ते नीट वाचा. पिकराखणी लिहिलं असेल तर ती बंदूक स्पर्धेला नेण्याआधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत विचारून लेखी घ्या. आणि लायसन तुमचं आहे, पोराचं नाही, त्यानं एकट्यानं ती बंदूक घेऊन कुठंही जायचं नाही. २१ वर्षांखालच्यांना लायसन मिळत नाही, त्यांना सराव करायचा तर तो क्लबात, नियमानं, देखरेखीखालीच.

त्या ताटल्यांना क्ले म्हणतात, ११० एमएम रुंदीच्या. ट्रॅपमध्ये पाच जागांवर आळीपाळीनं उभं राहायचं, समोर १५ मीटरवरच्या खंदकातून क्ले निघते आणि लांब पळते, फेरीला २५, अशा पाच फेऱ्या, १२५ क्ले. काडतुसात शिसं २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे डुकरासाठीची जाड छऱ्यांची काडतुसं तिथं अजिबात न्यायची नाहीत. ट्रॅपला बहुतेक सगळे वर-खाली नळ्यांची बंदूक वापरतात, तुमची शेजारी-शेजारी नळ्यांची असणार. शिकता येईल, पण जुनी बंदूक आधी चांगल्या गनस्मिथला दाखवा, सांधा सैल झालेला असतो, नळीला आतून खड्डे पडलेले असतात.

क्ले फोडायचं मर्म शिकाऱ्याला लवकर कळतं, क्लेवर मारायचं नसतं, तिच्या पुढं मारायचं आणि मारताना नळी थांबवायची नाही. पाखराचा अंदाज असलेल्या माणसाला हे शब्दात सांगावं लागत नाही. पण शॉटगनची रेंज मोठी जागा मागते, आपल्याकडं ती सोय अवघड आहे, काडतुसंही महाग. त्यामुळं पोराला तोवर एअर रायफलवर घाला.

मॅडम, हिंगोलीचा आहे, भरतीची तयारी करतोय. नेमबाजीतून नोकरी मिळते का? स्पष्ट सांगा.

फक्त नोकरीसाठी असेल तर नका येऊ, ह्यात वर्षं जातात. खेळ आवडत असेल तर दारं आहेत. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सैन्य, पोलीस नेमबाज घेतात, मध्य प्रदेशात महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट, म्हणजे नेमबाजांचं पथक आहे. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस होता, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, एकाच रायफलनं. केजच्या दादांनी पण हे वाचावं.

कॉलेजात असाल तर एनसीसी घ्या, फायरिंग फुकट शिकायला मिळतं. आणि खेळलात तर प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, प्रवेशपत्र आणि निकालाचा कागद एका फाइलीत ठेवा. भरतीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं पडताळणी लागते, जाहिरात निघाल्यावर धावपळ करत बसू नका, खेळ संपला की लगेच अर्ज टाका.