१/६ + ३/८ = ४/१४ का होत नाही?

ताई, तुमचा मुलगा सहावीत आहे, १/६ + ३/८ चं उत्तर ४/१४ लिहितो आणि लसावि तीनदा समजावूनही तेच करतो, असं तुम्ही लिहिलंय. इंदूरला माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं दर वर्षी हीच चूक करतात. लसावि तूर्त बाजूला ठेवा. तो छेदालाही मोजायची संख्या समजतोय. मोजायचा तो अंश. छेद फक्त तुकडा केवढा ते सांगतो.

शेवेपासून सुरू करा. पिशवीत अर्धा किलो शेव आहे, वर पाव किलो घेतली, किती झाली? तो पटकन 'पाऊण' म्हणेल. आता त्याच्या रीतीने १/२ + १/४ करायला लावा. येतात २/६, म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्या किलोत भर घातली आणि शेव अर्ध्याहून कमी झाली! इथे मुलं आपणहून थांबतात. मग विचारा, पाऊण कसं आलं? अर्ध्याचे दोन पाव, त्यात एक पाव, झाले तीन पाव. समच्छेद करणं ते हेच.

मग चौकटीच्या वहीतून २४ घरांची पट्टी कापा, कारण २४ चे सहाही सारखे भाग पडतात आणि आठही. सहावा भाग ४ घरांचा. आठवा भाग ३ घरांचा, म्हणून ३/८ ची ९ घरं. त्यालाच रंगवू द्या. रंगलेली घरं १३, उत्तर १३/२४. ४८ घरांची पट्टी घेतली तर २६/४८ येईल, तेही बरोबरच आहे. लसावि म्हणजे काम भागेल अशी सगळ्यांत आखूड पट्टी.

शाळेत हिंदीतून तो 'हर' शिकत असेल आणि तुम्ही घरी 'छेद' म्हणत असाल, तर दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे मुद्दाम सांगा. मुलं यातही अडकतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (इ.स. ११५०) 'हर' हा शब्द आहे. एकाच्या हराने दुसऱ्याचे हर आणि अंश गुणा, आणि जमेल तिथे हरांना आधी सामाईक भाग द्या, असं तिथे सांगितलंय. ६ आणि ८ ला २ ने भागलं की ३ आणि ४ उरतात. म्हणून १/६ ला वर-खाली ४ ने गुणायचं, ३/८ ला ३ ने. पट्टीवरची तीच ४ आणि ९ घरं.

वजाबाकीत खरी गोम उसना घेताना आहे. सव्वातीनमधून १ पूर्णांक २/३ वजा करायचे, म्हणजे ३ पूर्णांक ३/१२ मधून १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून मूल एक उसना घेतं आणि सवयीने १३ लिहितं. पण इथे एक पूर्ण म्हणजे १२ तुकडे, तेव्हा १५ व्हायला हवेत. उत्तर १ पूर्णांक ७/१२.

आठवडाभर फक्त ४ आणि ६, ६ आणि ९, ८ आणि १२ अशाच छेदांची गणितं द्या. आणि सोडवण्याआधी उत्तर अर्ध्याहून मोठं येईल की लहान, ते त्याला तोंडी सांगायला लावा.